पाठ पाहिली, टाच राहिली

गेल्या वर्षी भाद्रपदात वडगाव रासाईहून एका शेतकऱ्याचा फोन आला. "डॉक्टर, आईला पुण्याहून घरी आणलंय. एकदा येऊन बघून जावा." आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. हौदाजवळच्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. पुण्यात शस्त्रक्रिया झाली, दहाव्या दिवशी घरी पाठवले. सोबत कागदांची जाडजूड पिशवी होती. तीत गोळ्या कधी घ्यायच्या, टाके कधी काढायचे, वॉकर कधी धरायचा, हे सगळे लिहिलेले होते.

वडगाव रासाई हे भीमेकाठचे गाव. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. सगळा उसाचा पट्टा. मी गेलो तेव्हा आजी ओसरीवरच्या पलंगावर उताण्या झोपल्या होत्या. मी टाके पाहिले, रक्तदाब मोजला, सुनेच्या मदतीने त्यांना कुशीवर वळवून पाठ आणि माकडहाड नीट तपासले. पाठ अगदी स्वच्छ होती. सून दिवसातून चार वेळा कूस बदलत होती, अंग पुसत होती, चादरीला एक सुरकुती पडू देत नव्हती. मी तोंड भरून तिचे कौतुक केले आणि चहा घेऊन निघालो.

आजींच्या पायात लोकरीचे मोजे होते. पाय गार पडतात म्हणून नातवाने आणलेले. वर घोंगडी. ते मोजे काढून पाहावेत असे मला सुचले नाही. तीस वर्षे रोगी तपासणाऱ्या माणसाची ही चूक आहे आणि ती दुसऱ्या कोणावर ढकलण्यात अर्थ नाही.

आठवड्याने मुलगा मोटारसायकलवर दवाखान्यात आला. "आईची टाच काळी पडलीया. मोजा काढला तर कातड्याचं पाणी मोज्याला लागलं होतं." मी त्याच्याबरोबरच निघालो. शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या टाचेवर, मागच्या बाजूला, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, पिकल्या जांभळाच्या रंगाचा फोड होता. तो फुटून कडेने ओल येत होती. आजींना विचारले, दुखत नव्हते का? त्या म्हणाल्या, "दुखत हुतं बाबा. पर एवढं हाड मोडलंय, त्येचंच आसंल म्हणलं."

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ज्या जखमा होतात त्यांना डॉक्टर बेडसोअर म्हणतात, मराठीत शय्याव्रण. हा शब्द उच्चारला की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाठ येते, माकडहाड येते. टाच येत नाही. खरे तर माकडहाडाखालोखाल या जखमा सर्वांत जास्त होतात त्या टाचेलाच. वाचकहो, आपल्या घरात, शेजारात किंवा ओळखीच्या वृद्धाश्रमात कोणी पडून असेल, तर हा लेख वाचून झाल्यावर एकदा त्यांच्या पायावरचे पांघरूण बाजूला करून दोन्ही टाचा पाहा, एवढ्यासाठी आजचा हा विषय.

टाचच का?

आपली टाच दणकट असते असा आपला समज आहे. अनवाणी शेतात फिरणाऱ्या माणसाची टाच दगडासारखी असते, हे खरे. पण ती टाचेची तळाची बाजू. उताणे झोपल्यावर भार येतो तो टाचेच्या मागच्या, गोलसर भागावर. तिथे कातडी पातळ आणि खाली टाचेचे मोठे हाड. मध्ये मांस जवळजवळ नाहीच, चरबीही बेताची. मांडीखाली किंवा पाठीखाली भार मोठ्या जागेवर पसरतो. इथे सगळ्या पायाचे वजन दोन-तीन बोटांएवढ्या जागेत गोळा होते. हाड वरून दाबते, गादी खालून. मधल्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात, रक्त पोचत नाही आणि ते मांस मरते. अशक्त माणसात याला दिवस लागत नाहीत, काही तास पुरतात. शिवाय शरीरात हृदयापासून सर्वांत लांब असलेल्या भागांपैकी हा एक. मधुमेह असेल, तंबाखू-विडीची वर्षानुवर्षांची सवय असेल, तर तिथला रक्तपुरवठा आधीच रोडावलेला असतो.

धडधाकट माणसाला हे होत नाही, कारण झोपेतही आपण पाय हलवतो. दाब वाढला की कळ येते आणि पाय आपोआप सरकतो. खुब्याचे हाड मोडले, पक्षाघात झाला, ग्लानी आली किंवा मधुमेहाने पायाची संवेदना गेली, की हा निसर्गाचा राखणदार झोपी जातो.

आणखी एक गोष्ट फसवते. दाब पडतो आज आणि खूण दिसते दोन-तीन दिवसांनी. मांस आधी आत हाडालगत मरते आणि मग रंग वर येतो. म्हणून दवाखान्यातून निघताना ठीक दिसलेली टाच घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी जांभळी झालेली दिसू शकते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर, नंतरच्या पहिल्या रात्री, रुग्णवाहिकेतल्या पट्टीवर, कुठे नेमका दाब पडला हे मग सांगता येत नाही.

पुस्तकांत पहिली खूण म्हणून लालसर डाग सांगितलेला असतो. बोटाने दाबला तर साधा लालपणा क्षणभर फिका होतो. फिका होत नसेल तर इजा सुरू झाली. पण हे गोऱ्या कातडीचे लक्षण. आपल्या सावळ्या कातडीवर, त्यातून शेतात राबलेल्या पायावर, लाली दिसतच नाही. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवावा. दोन्ही टाचांना एकेक हात लावा. एक दुसरीपेक्षा गरम किंवा गार लागते का? एक कडक किंवा उलट लिबलिबीत, पिकल्या पेरूसारखी लागते का? दाबल्यावर म्हातारे माणूस पाय ओढून घेते का? कातडीला जांभळट, काळपट झाक आहे का? यातले एक जरी आढळले तर ती टाच त्या क्षणापासून गादीला टेकता कामा नये.

आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. हात लागतो पावलाच्या वरच्या बाजूला. टाचेला हात लावायची आपल्याकडे पद्धत नाही, हे मला त्या दिवशी वडगावहून परतताना पहिल्यांदा जाणवले.

बैलाचा खांदा

आता उपाय. आजींचा मुलगा मलम मागत होता. "कितीबी महाग असू द्या, पुण्याहून आणतो." मी त्याला विचारले, तुमच्या बैलाला खांदेसूज आली तर तुम्ही काय करता? कारखान्याच्या हंगामात उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांच्या मानेवर जू घासून सूज येते, जखम होते, हे या भागातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. तो म्हणाला, "औषध लावतो. पर आदी बैल सोडतो. खांदा बरा हुईस्तवर जुंपत न्हाई." मग मी म्हणालो, आईची टाच अजून जुंपलेलीच आहे. त्याला पुढे काही सांगावे लागले नाही.

टाचेच्या जखमेचा पहिला आणि सर्वांत मोठा उपचार म्हणजे टाच अधांतरी ठेवणे. जखम होऊ नये म्हणूनही हेच आणि झाल्यावरही हेच. यासाठी एक लांबट, घट्ट उशी लागते. ती पोटरीखाली उभी, म्हणजे पायाच्या लांबीच्या दिशेने ठेवायची. गुडघ्याच्या किंचित खालून सुरू होऊन घोट्याच्या थोडी वर संपायची. पोटरीचा सगळा भार तिच्यावर पसरतो आणि टाच उशीच्या कडेबाहेर मोकळी लोंबते. गुडघा अगदी ताठ न राहता थोडासा वाकलेला हवा. बरोबर जमले की नाही ते पाहायला सोपी कसोटी आहे. टाच आणि गादी यांच्यामधून तळहात सहज आरपार गेला पाहिजे.

यात चुका फार होतात. उशी आडवी घालून फक्त घोट्याखाली ठेवली तर सगळा भार टाचेच्या वरच्या शिरेवर येतो आणि तिथे नवी जखम होते. नुसती गुडघ्याखाली ठेवली तर टाच गादीत आणखी रुतते. फार मऊ उशी तासाभरात चेपते आणि टाच पुन्हा खाली. खुब्याचे हाड मोडलेल्यांचा पाय बाहेरच्या अंगाला वळून पडतो, तेव्हा टाचेची बाहेरची कड आणि घोटा टेकतो, म्हणून बाहेरून एक गुंडाळी लावून पाय सरळ धरावा लागतो. विकतच्या उशीची गरज नाही. आजींच्या सुनेने जुन्या लुगड्यांची वाकळ घट्ट गुंडाळून, दोन ठिकाणी टाके घालून, वर सुती अभ्रा शिवला. दोन पायांसाठी दोन. बाजारात टाच मोकळी ठेवणारे खास बूटही मिळतात. पाय सारखा हलवणाऱ्या किंवा भ्रमिष्ट रुग्णाला ते उपयोगी पडतात, कारण त्याची उशी जागेवर राहत नाही. मात्र ते दिवसातून दोनदा काढून आतली कातडी पाहिली पाहिजे.

"डॉक्टर, हवेची गादी आणली आहे, आता चिंता नाही," असे लोक सांगतात. हवेची गादी चांगलीच, पाठीला तिचा उपयोग होतो. पण टाचेचा भार इतक्या लहान जागेवर असतो की त्या गादीवरही टाच उचलून ठेवावीच लागते. रबरी कडी, कापडाची चुंबळ, पाण्याने भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवण्याची जुनी पद्धत मी स्वतः उमेदवारीच्या काळात पाहिली आहे. ती सोडून द्यावी. चुंबळीने भोवतालचे रक्त अडते आणि मधला भाग आणखी उपाशी राहतो. पाण्याच्या हातमोज्याने दाब म्हणावा तसा कमी होत नाही.

घोंगडीबद्दलही दोन शब्द. पांघरायला तिच्यासारखी ऊब नाही, पण तिच्यावर टाच टेकवू नये. खरखरीत लोकरीवर नाजूक कातडी घासते. पलंगाचे डोके उंच केले की माणूस हळूहळू पायथ्याकडे घसरतो आणि वर सरकण्यासाठी टाच गादीत रोवून रेटा देतो. या रेट्यात कातडी एकीकडे आणि हाड दुसरीकडे ओढले जाते. रेटा देतो तो बहुधा चांगला पाय. वडगावच्या आजींची उजवी टाच आम्ही उचलून धरली आणि तीन आठवड्यांनी डावी गरम लागू लागली, ती यामुळेच. आपण दुखऱ्या पायाच्या नादात चांगल्या पायाला विसरतो. वर सरकवायचे तर दोघांनी चादरीसकट उचलावे, ओढू नये.

आणि चोळू नये. हे सांगितले की घरातल्या जुन्या बायकांना राग येतो. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासणे हे आपल्याकडचे प्रेमाचे काम आहे. धडधाकट माणसाला खुशाल करावे. पण लाल, जांभळ्या, गरम झालेल्या टाचेवर चोळले तर आत चेपलेल्या रक्तवाहिन्या आणखी फाटतात. कोरड्या पडलेल्या बाकीच्या पायाला हलक्या हाताने खोबरेल लावायला हरकत नाही. गरम पाण्याची पिशवी तर बधिर पायाजवळ आणूच नये. तिने भाजलेल्या टाचा मी पाहिल्या आहेत.

दर दोन तासांनी

अशा जखमा होणारच, त्या दैवातच असतात, अशी समजूत फक्त आपल्याकडे नव्हती. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे शार्को हे मज्जाविकारांचे मोठे पंडित. मज्जातंतूंना इजा झाली की कातडी आपोआप सडते, असे त्यांचे मत होते आणि त्यांच्या नावाच्या दबदब्यामुळे ते बरीच वर्षे टिकले. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. त्याआधी असे सैनिक शय्याव्रण आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने थोड्याच काळात दगावत. गटमन यांनी रात्र असो की दिवस, दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलण्याचा दंडक घातला आणि माणसे जगू लागली. पुढे त्याच आवारात चाकाच्या खुर्चीवरचे खेळ सुरू झाले, ज्यांतून आजचे पॅरालिंपिक उभे राहिले. आपल्या जिल्ह्यात खडकीला मणक्याच्या दुखापतीने अपंग झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. कमरेखाली काही कळत नसलेली माणसे तिथे वर्षानुवर्षे राहतात. अशा ठिकाणी कातडीची रोजची पाहणी हा जेवणाइतकाच नित्याचा भाग असावा लागतो.

कोणाला धोका अधिक, हे ओळखण्यासाठी डोरीन नॉर्टन या इंग्लिश परिचारिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये एक साधी मोजपट्टी दिली. पाच गोष्टी पाहायच्या: शरीराची एकूण प्रकृती, मनाची जागरूकता, चालणेफिरणे, अंथरुणातली हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा. प्रत्येकीला एक ते चार गुण. वीसपैकी चौदा किंवा कमी आले तर माणूस धोक्यात. पुढे याहून नवीन मोजपट्ट्या आल्या, पण घरच्या माणसाला ही कळायला सोपी आहे. आजींचे गुण मी नंतर मोजले, ते बारा आले. पहिल्याच भेटीत पाच मिनिटे खर्च करून मोजता आले असते.

वृद्धाश्रमातली रात्र

म्हातारपणी आसरा देणाऱ्या संस्थांची आपल्या भागाला जुनी ओळख आहे. पुण्यातली 'निवारा' ही संस्था १८६३ पासूनची. भीमेपलीकडे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनने शतकाहून अधिक काळ निराधार स्त्रियांना सांभाळले. मी महिन्यातून एकदा जातो तो वृद्धाश्रम यांपैकी नव्हे. तो लहान आहे, तीसेक माणसांचा, आणि त्याचे नाव इथे लिहीत नाही.

तिथे चार-पाच वर्षांपूर्वी एक गृहस्थ होते. निवृत्त शिक्षक. वीस वर्षांचा मधुमेह, पायाची संवेदना गेलेली. निमोनियासाठी आठ दिवस रुग्णालयात राहून परत आले. आले तेव्हा पायमोजे घातलेले होते आणि ते कोणी काढले नाहीत. दुखत नव्हते, त्यामुळे तेही काही बोलले नाहीत. खोलीत वास येऊ लागला तेव्हा टाचेचे हाड उघडे पडले होते. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर ते चार महिने जगले.

दोष कोणाला द्यायचा? रात्री तीस माणसांना एक मावशी. कोणाला पाणी, कोणाला बेडपॅन, कोणी उठून दाराकडे चाललेले. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रमाची तरतूद आहे, पण रात्री दोन वाजता कोणाची टाच उचलायची हे कायद्यात लिहिता येत नाही. ते त्या मावशीने ठरवले. दिवेलागणीला, जेवणाआधी, तिने सगळ्यांचे मोजे काढून पाय पाहायला सुरुवात केली. पलंगावरच्या माणसाचा पाय फार उचलावा लागू नये म्हणून दाढीचा छोटा आरसा खाली धरते. ज्यांची टाच जपायची त्यांच्या पलंगाच्या पायथ्याला लाल दोरा बांधते. रुग्णालयातून परत आलेल्या माणसाला पहिले तीन दिवस दोरा असतोच, टाच कशीही असो. मला तिने विचारले होते, "देवाच्या पाया पडताना लाज वाटत न्हाई, मग माणसाचे पाय बघायला कसली?" त्या आश्रमात त्यानंतर एकदाही टाचेची जखम झाली नाही असे म्हणणे खोटे ठरेल. दोनदा झाल्या, पण दोन्ही वेळा फोडाच्या अवस्थेत सापडल्या आणि महिन्या-दीड महिन्यात भरल्या.

काळी खपली

वडगावच्या आजींच्या टाचेवर पंधरा दिवसांत कोरडी, काळी, चामड्यासारखी कडक खपली धरली. घरचे घाबरले. शेजारच्या गावातल्या एका जाणकाराने ती कापून आतली घाण काढायला सांगितले. मी नको म्हणालो. इथे टाचेचा नियम इतर जागांपेक्षा वेगळा आहे. माकडहाडावरचे मेलेले काळे मांस आम्ही बहुधा काढतो. टाचेवरची खपली मात्र कोरडी असेल, कडा घट्ट बसलेल्या असतील, भोवती लाली, सूज, पू, वास नसेल, तर ती हात न लावता जपायची. तीच शरीराने घातलेली झाकण आहे. ती काढली तर खाली हाड अगदी जवळ आहे आणि त्यात जंतू शिरले तर निस्तरणे महाकठीण. तिला भिजवू नये, मलमाने मऊ करू नये. कोरडी ठेवावी, वर स्वच्छ सुती पट्टी सैल गुंडाळावी आणि टाच अधांतरी ठेवून रोज पाहावी. खालून नवी कातडी आली की कडा आपोआप सुटू लागतात. सुटलेली कड तेवढी आम्ही कात्रीने काढतो.

तीच खपली ओली झाली, डोलू लागली, तिच्याखालून पू आला, वास सुटला, भोवतालचा पाय लाल आणि गरम झाला, ताप आला किंवा मधुमेहाच्या रोग्याची साखर कारण नसताना चढली, तर एक दिवसही थांबू नये. पाऊल गार पडणे, बोटे काळी पडणे हेही तसेच. अशा वेळी रक्तपुरवठा तपासणे आधी येते. पावलाच्या वरच्या बाजूला नाडी लागते का ते डॉक्टर पाहतात, लागत नसेल तर डॉपलर तपासणी करतात. रक्तच पोचत नसेल तर बाकी सगळे व्यर्थ. कधी कधी रक्तवाहिनीचा अडथळा दूर करून पाय वाचवता येतो, पण त्यासाठी वेळेवर जायला हवे.

उघडी, ओली जखम असेल तर ती मिठाच्या पाण्याने धुवावी. अर्धा लिटर पाणी उकळून, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून, थंड करून वापरायचे, उरलेले टाकून द्यायचे. हळद, चुना, तंबाखूची राख, स्पिरिट, फसफसणारे हायड्रोजन पेरॉक्साइड यांतले काही घालू नये. ही द्रव्ये जंतूंपेक्षा नव्या कोवळ्या मांसाला जास्त मारतात. ड्रेसिंग जखमेला चिकटणारे नको. दर वेळी ते ओढून काढताना नवी कातडी निघून येते. कोणते लावायचे, किती दिवसांनी बदलायचे, हे जखम पाहून ठरते. उठसूट अँटिबायोटिकच्या गोळ्याही नकोत. भोवती संसर्ग पसरला असेल, हाड धरले असेल, तरच त्यांचे काम.

जेवणाचे मी शेवटी सांगतो आहे, पण आजींच्या बाबतीत अर्धी लढाई तिथेच होती. त्या दिवसभर चहा-बिस्किटावर राहत. दात नाहीत, भूक नाही, त्यात एकादशी, चतुर्थी. जखम भरायला प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात जवळपास तेवढीच. हिशेब मांडला तर चहा-बिस्किटांत काहीच निघत नाही. आजी अंडे खात नव्हत्या. मग दुधात कुस्करलेली भाकरी, पिठले, मुगाचे घट्ट वरण, दही, शेंगदाण्याच्या कुटाचा मऊ लाडू असे दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे सुरू केले. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. उपासाचे मी बोललो असतो तर त्यांनी ऐकले नसते. त्यांच्या थोरल्या जावेने येऊन सांगितले, "रासाई तुला उपास मागत न्हाई, दूध पी," तेव्हा प्याल्या.

खुब्याचे हाड दोन-अडीच महिन्यांत जुळून आले. टाचेला साडेपाच महिने लागले. एवढे दिवस पाय टेकवायचा नाही म्हणून वॉकर भिंतीला टेकून उभा. गुडघा आखडला, मांडीचे स्नायू गळाले. रोज अंथरुणातल्या अंथरुणात पाऊल वर-खाली करण्याचा, गुडघा वाकवण्याचा व्यायाम सुनेने करून घेतला म्हणून निदान पाऊल खाली लोंबकळून कायमचे वाकडे झाले नाही. पहिल्याच भेटीत मी मोजे काढले असते तर यातले कितीतरी महिने वाचले असते.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मी गेलो होतो. आजी वॉकर धरून ओसरीपासून उंबऱ्यापर्यंत आल्या, तिथे टेकल्या आणि मी काही विचारायच्या आत पाय पुढे केला. टाचेवरची नवी कातडी गुलाबी, चकचकीत आणि कागदासारखी पातळ होती. तिला वर्षभर जपावे लागेल, मागे पट्टा नसलेली मऊ चप्पल वापरा, रात्री उशी सोडू नका, असे सांगितले. "आन् ही?" म्हणत त्यांनी दुसरा पायही पुढे केला. मी तोही हातात घेऊन पाहिला.